कुरकुर

परवा सकाळी आमच्या मातोश्रींनी चहाचा पहिला घोट घेतला, कप पुन्हा बशीत ठेवला आणि तोंड वाकडे करून त्या म्हणाल्या, "शी! चहा आहे की गरम पाणी?" हे शब्द कानी पडताच सौभाग्यवतींच्या हातातील गाळणे ओट्यावर पडले, आमची कन्यका तोंडातला ब्रश तसाच ठेवून न्हाणीघरातून धावत आली, आणि आम्ही स्वतः वर्तमानपत्र तोंडासमोर धरले, कारण डोळ्यांना एकाएकी आलेले पाणी लपविण्यास वर्तमानपत्रासारखे दुसरे साधन आमच्या घरात नाही.

चहाच्या निंदेने एखाद्या कुटुंबास एवढा हर्ष व्हावा हे वाचकांस चमत्कारिक वाटेल, आणि ते साहजिकच आहे. तेव्हा मूळ हकीकत सांगणे प्राप्त आहे.

प्रत्येक घराला त्याची म्हणून एक बोली असते. काही घरांत माणसे एकमेकांशी विनोदाने बोलतात, काही घरांत हुकमाने. आणि काही सुधारलेल्या घरांत 'थँक यू' आणि 'सॉरी' यांच्या देवघेवीवर सारा संसार सुरळीत चालतो, असे ऐकिवात आहे. आमच्या घरची बोली कुरकुरीची. आम्ही रात्री उशिरा घरी आलो, तर 'तुमची वाट पाहात होते' असे वाक्य आमच्या घरात उच्चारले जात नाही. सदाशिव पेठेत ते बहुधा व्याकरणशुद्ध मानीत नसावेत. त्याचा आमच्याकडील प्रचलित पाठ 'सगळं जेवण गारढोण झालं, आता खा तसंच' असा आहे. कन्यकेस परीक्षेत चांगले गुण मिळाले की 'एवढं जागून डोळे मात्र घालवलेस' असे म्हणून तिचे कौतुक करण्याची वहिवाट आहे. नवख्या पाहुण्यास वाटावे की ही माणसे एकमेकांना कंटाळली आहेत. वस्तुतः तसे काही नसते. उसाचा रस जसा चरकातूनच बाहेर यावयाचा, तशी आमच्या घरातील माया तक्रारीतून बाहेर येते, इतकेच.

या बोलीवर मातोश्रींचे जे प्रभुत्व आहे त्यास आमच्या घराण्यात तोड नाही. वय अठ्ठ्याहत्तर, पण दूधवाल्याच्या मापापासून शेजारच्या मुलाच्या केशरचनेपर्यंत एकही विषय त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. पंखा जोराने फिरत असला तर डोके दुखते, हळू फिरत असला तर तो नुसता कुरकुरतो. आम्ही एकदा सहज म्हणालो, "आई, या घरात कुरकुरण्याचा हक्क तेवढा पंख्याला नाही." त्यावर, "तुझ्या बोलण्याला लहानपणापासून काही अर्थच नसायचा," असा अभिप्राय आम्हांस मिळाला.

अशा या घरात दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात एक मांजरी आली. आली, असेच म्हणावयास पाहिजे. कारण तिला आणली कोणीच नाही. वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. पावसाची झड लागली असताना ती सज्जावरून गॅलरीत उतरली आणि जुन्या ट्रंकेखाली जाऊन बसली. कन्यकेने तिचा पक्ष घेताना इतिहासाचा आधार दिला. तिचे म्हणणे असे की कुत्र्यास माणसाने पाळले, पण मांजर आपण होऊन माणसाकडे आले. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यापाठोपाठ उंदीर आले आणि उंदरांपाठोपाठ मांजर. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजराचा सांगाडा पुरलेला आढळला. तो शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. "म्हणजे आजी, ही प्रथा साडेनऊ हजार वर्षांची जुनी आहे," कन्यका म्हणाली.

"जुनी असली म्हणून काय झालं?" मातोश्री म्हणाल्या. "माझ्या घरात मांजर चालायचं नाही. पाऊस थांबला की बाहेर काढा."

पुण्यातला आषाढातला पाऊस थांबावयास वेळ लागतो, ही गोष्ट मातोश्रींस ठाऊक नव्हती असे नाही.

मांजरी पांढरी, तिच्यावर काळे डाग, आणि पाठीवर एक नारिंगी वेटोळे. म्हणून कन्यकेने तिचे नाव 'जिलबी' ठेवले. हे नाव ठेवण्यात तिने शास्त्राशी थोडी थट्टा केली होती. मांजरास गोड चवच कळत नाही. ती चव ओळखण्यास लागणारे एक जनुक त्याच्या जातीत निकामी झालेले आहे, हे २००५ साली सिद्ध झाले असल्याचे तिनेच आम्हांस सांगितले. शिवाय असे तीन रंग असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, अशीही माहिती तिने पुरविली. "म्हणजे पिल्लंही होणार," मातोश्री म्हणाल्या, "छान!" त्यांनी 'जिलबी' हे नाव कधीही उच्चारले नाही. त्या तिला 'ती भवानी' म्हणत.

या भवानीविरुद्ध मातोश्रींची फिर्याद रोज सकाळी चहाबरोबर दाखल होऊ लागली. रात्री दोन वाजता ती गॅलरीच्या दारावर नखे घासते. ती पोळी खात नाही, पण तूप लावलेली असली तर खाते. ती वामकुक्षी आमच्या खुर्चीत करते आणि ऊन सरकले की देव्हाऱ्याजवळच्या चौरंगावर जाते. डावा कान ती उजव्यापेक्षा अधिक चाटते. सहा महिने हे आरोपपत्र ऐकत असता आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. मांजरीवर प्रेम करणाऱ्या आम्हां तिघांपैकी कोणासही तिचा डावा कान कोणता व तिची दुपारची बैठक कोठे, हे सांगता आले नसते. ज्याचा आपल्याला तिटकारा असतो, त्याविषयी माणूस इतका अभ्यास करीत नाही.

पुढे या अभ्यासाचे आणखी एक अंग उघडकीस आले. जिलबीचे पोट वरचेवर बिघडे. पशुवैद्यांनी विचारले, "दूध देता का?" आम्ही ठामपणे नाही म्हणालो. त्यांनी समजावून सांगितले की मांजर आणि दूध यांची जोडी आपल्या म्हणींत शोभते, पण वाढ झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. लहानपणी ती पचविण्याची जी शक्ती असते ती पुढे ओसरते. घरी येऊन आम्ही हे सांगितले, तेव्हा मातोश्री भाजी निवडीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आमच्या वेळची मांजरं दुधावरच वाढली," एवढेच त्या म्हणाल्या, "तेव्हा डॉक्टर नव्हते ना." दुसऱ्या दिवशी न्हाणीघरामागच्या कोपऱ्यात एक पितळी वाटी सापडली. तीत सायीचा पापुद्रा वाळून बसला होता. ती वाटी सौभाग्यवतींनी मुकाट्याने घासून फळीवर ठेवली. काही शोध असे असतात की ते लावणाऱ्याने प्रसिद्ध न करणेच बरे.

यथाकाल भवानीस पिल्ले झाली. तीही मातोश्रींच्या कपाटात, खालच्या खणात, त्यांच्या लग्नातल्या शालूवर. त्या संध्याकाळी आम्ही कपाटाचे दार उघडले आणि जिवाच्या कराराने मातोश्रींना हाक मारली. त्या आल्या, खाली वाकल्या, तीन आंधळे गोळे पाहिले. शालूविषयी एकही शब्द निघाला नाही. "दार थोडं उघडं ठेवा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणि कोणी हात लावू नका. हात लावला तर ती पिल्लं घेऊन सात घरं हिंडेल."

त्या रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी आपण होऊन एक गोष्ट सांगितली. आमचे वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे, पण ती आम्ही पूर्वी कधी ऐकली नव्हती.

मातोश्रींचे माहेर शनिवार पेठेतले, ओंकारेश्वराच्या अंगाचे, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे पुण्यात सर्वांस ठाऊक आहे. आमच्या घरी ते साल म्हणजे केवळ एक साल होते. मातोश्री त्या वेळी चौदा वर्षांच्या होत्या. "आमच्याकडे एक मनी होती," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघराच्या माळ्यावर व्यालेली. चार पिल्लं. डोळे उघडले नव्हते अजून. पाणी आलं पाणी आलं म्हणून आरडाओरडा झाला, तेव्हा बाबांनी आम्हांला नेसत्या वस्त्रानिशी बाहेर काढलं. मी म्हटलं, मनीला आणते. ते म्हणाले, माळ्यावर आहे ना ती? पाणी काय माळ्यापर्यंत येतंय? मलाही ते पटलं. खरंच पटलं. पाणी कौलांवरून गेलं. परत आलो, तर आपलं घर कुठून सुरू होत होतं तेच कळेना. चिखलच चिखल. माणसांचंच इतकं गेलं होतं लोकांचं, तिथं मांजराचं कोण बोलणार? मीही नाही बोलले."

एवढे सांगून त्या उठल्या आणि पाण्याचे भांडे झाकून झोपावयास गेल्या.

आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. दुधापासून पंख्यापर्यंत सगळ्या जगाविरुद्ध अखंड कुरकुर करणाऱ्या या बाईने आपली एकच खरी तक्रार साठांहून अधिक वर्षे कोणाजवळ केली नव्हती. आणि 'माझ्या घरात मांजर चालायचं नाही' या वाक्याचा अर्थ आम्ही आजवर किती उथळ लावीत होतो! माणसाचे कुरकुरणे ऐकून त्याचे दुःख आपल्याला कळले, असे घरच्यांना वाटत असते. परंतु ज्या गोष्टी बोलून हलक्या होतात त्यांचीच माणूस कुरकुर करतो. ज्या बोलूनही हलक्या व्हावयाच्या नाहीत, त्या तो माळ्यावर ठेवून देतो.

तिन्ही पिल्लांचे डोळे आठ-दहा दिवसांत उघडले. दोन पिल्ले ओळखीच्या घरी गेली, एक खालच्या मजल्यावरच्या मुलीने नेले, आणि पुन्हा हा प्रसंग येऊ नये म्हणून जिलबीची शस्त्रक्रिया करून घेण्यात आली. शालू मातोश्रींनी स्वतः धुतला. तो धुताना त्या दोन तास बोलत होत्या. त्यातला प्रत्येक शब्द भवानीच्या विरुद्ध होता आणि आमच्या कानांना प्रत्येक शब्द गोड लागत होता.

गेल्या श्रावणात मातोश्री न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ती उत्तम झाली. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना आधाराने उभे केले आणि आम्हांस बजावले की या वयात मोडलेल्या हाडापेक्षा अंथरूण अधिक घातक. पडून राहिले की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, स्नायूंतले बळ जाते. चालले पाहिजे, रोज, थोडे, पण चालले पाहिजे. आम्ही चौकटीचा वॉकर आणला, न्हाणीघरात धरावयास दांडा बसविला, खाली खडबडीत फरशी घातली. हे सगळे पंधरा दिवस आधी का केले नाही, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला आणि त्याचे उत्तर देण्याचे टाळले.

मातोश्री घरी आल्या. परंतु त्यांच्याबरोबर त्यांची कुरकुर आली नाही. चहा दिला, "छान आहे." आमटीत मीठ अधिक पडले, "छान आहे." खिडकी उघडू का? "उघड." लावू का? "लाव." चालण्याविषयी म्हटले की "उद्या." भेटावयास येणारी मंडळी म्हणत, "किती शांत झाल्या आहेत हो तुमच्या आई! दुखण्यात अशी सोशिक माणसं कमी." ही स्तुती ऐकून आमच्या पोटात गोळा येई.

या दिवसांत आम्हांस पशुवैद्यांचे एक वाक्य वारंवार आठवे. मागे एकदा जिलबी सज्जावरून पडून लंगडत आली होती. तपासणीच्या मेजावर ती एकसारखी घुरघुरत होती. "पाहा, इथं किती खुशीत आहे!" असे आम्ही म्हणालो. वैद्य हसून म्हणाले, "त्या आवाजावर जाऊ नका. मांजर सुखात असलं की घुरघुरतं, तसंच फार दुखत असलं तरी घुरघुरतं. आवाजावरून कळत नाही. खातंय का, उठतंय का, ते पाहायचं." मातोश्रींचे 'छान आहे' हे त्या घुरघुरण्यासारखे होते. त्या खात नव्हत्या आणि उठत नव्हत्या.

मग आम्ही तिघांनी, एकमेकांशी काहीही न ठरविता, एक विलक्षण उद्योग आरंभिला. मातोश्रींना आवडणार नाहीत अशा गोष्टी आम्ही मुद्दाम करू लागलो. सौभाग्यवतींनी वरणात हिंग घालावयाचे सोडले. कन्यका संध्याकाळी दिवे लागल्यावर केस विंचरू लागली. आम्ही ओला टॉवेल पलंगावर टाकला. हा गुन्हा आम्ही लग्नापूर्वी करीत असू, आणि त्याबद्दल आम्हांस झालेली बोलणी अजून मुखोद्गत आहेत. मातोश्रींनी टॉवेलकडे पाहिले आणि कूस बदलली. त्या रात्री सौभाग्यवती आम्हांस म्हणाल्या, "तो टॉवेल उचला आता." त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती. आम्हांस भीती वाटली ती त्या वेळी.

जिलबीचे वर्तन मात्र यथापूर्व होते. ती दुपारी मातोश्रींच्या पायथ्याशी निजे. तिच्यात काही दैवी समज होती असे आम्ही म्हणत नाही. त्या खोलीत ऊन अधिक येते. मातोश्री तिला हाकलीत नसत, हेच आम्हांस खटके.

परवाच्या आदल्या रात्री कन्यका मैत्रिणीकडे अभ्यासास गेली होती, आम्ही उभयता एका लग्नाच्या स्वागतसमारंभास. शेजारच्या काकू मातोश्रींजवळ बसल्या होत्या; पण आम्हांस उशीर झाला आणि मातोश्रींनी त्यांस 'मी झोपते, तुम्ही जा' म्हणून घरी पाठविले. निघण्याच्या गडबडीत जिलबीस खाणे घालावयाचे राहून गेले होते. हे आमच्या ध्यानात आले ते परतताना, रिक्षात. आणि घरी आलो तेव्हा मातोश्री गाढ झोपल्या होत्या व जिलबी त्यांच्या पायथ्याशी पोट भरल्यासारखी पसरली होती. दमलो होतो, आम्ही दिवा मालवून निजलो.

सकाळी सौभाग्यवती स्वयंपाकघरात गेल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी आम्हांस खुणेने बोलावले. वॉकर ओट्यापाशी उभा होता. मातोश्रींच्या पलंगापासून ओटा वीस पावले. दुधाचे पातेले जवळजवळ रिकामे होते, आणि खाली फरशीवर तीच पितळी वाटी होती, चाटून लख्ख केलेली. खाली वाकणे त्यांना अद्याप जमत नव्हते. वाटी त्यांनी खाली कशी ठेवली असेल, याचा विचार करताना आमच्या अंगावर काटा आला. रात्री, एकटी, अर्ध्या उजेडात! पुन्हा पडत्या तर? रागवावे की काय करावे, हे आम्हां दोघांनाही सुचेना. सौभाग्यवतींनी वॉकर उचलला, आवाज न करता मातोश्रींच्या पलंगाशी नेऊन ठेवला आणि उरलेल्या चार चमचे दुधात पाणी घालून चहा टाकला.

त्या चहाची पुढील हकीकत प्रारंभी सांगितलीच आहे.

"दूध संपलंय, आई," सौभाग्यवती गाळणे उचलीत म्हणाल्या.

"संपतंच तुमच्याकडं," मातोश्री म्हणाल्या. "कुणाचं लक्ष म्हणून नाही घरात. आणि वरणात हिंग का नसतो हल्ली? बघत्येय मी पंधरा दिवस. आणि तू काय पेपर उलटा धरून बसलायस?"

पेपर खरोखरच उलटा होता.

त्या दिवशी मातोश्री सकाळी दारापर्यंत आणि संध्याकाळी गॅलरीपर्यंत चालल्या. दोन्ही वेळा आम्ही शेजारी होतो आणि दोन्ही वेळा आम्ही चुकीच्या बाजूस उभे होतो, असे त्यांनी आमच्या निदर्शनास आणले. वाटीभर दुधाने जिलबीचे पोट बिघडावयाचे ते बिघडले, आणि ते निस्तरण्याचे काम आमच्या वाट्यास आले. त्याबद्दल आम्ही दिवसभर यथेच्छ कुरकुर केली.